झापाखाली झोपायला रात्रीचे २४ हजार

आईने लॉजच्या खोलीत पाऊल टाकलं, वर बघितलं आणि पहिलं काय बोलली तर, "हे झाप आहेत गो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, झाप म्हणजे माडाच्या झावळ्या विणून केलेलं छपराचं सामान. गुहागरला आमच्या घराची मागची पडवी झापांची होती, दर पावसाळ्याआधी शाकारायला लागायची, आणि आईने लग्नानंतर बारा वर्षं आजोबांच्या मागे लागून लागून तिच्यावर पत्रा घालून घेतला, त्या पत्र्याची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. आणि आता आम्ही मुंबई ते नैरोबी, नैरोबी ते झांझिबार असं करत समुद्राच्या पार पलीकडे येऊन ज्या खोलीत उभे होतो तिचं भाडं होतं रात्रीला २८० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने २४ हजारांच्या वर. आईला आकडा सांगायचा नाही असं ठरलं होतं. नवऱ्याने सांगून टाकला.

"चोवीस हजार? झापाखाली झोपायचे?"

पुढचे पाच दिवस हे वाक्य रोज एकदा तरी ऐकलं, जेवताना, पोहताना, एकदा तर मसाज चालू असताना पलीकडच्या पलंगावरून.

तर झालं असं की माझी पन्नाशी आली. नवऱ्याला मालदीव करायचं होतं, मला ते पाण्यावरच्या खोल्यांचे फोटो बघून बघून कंटाळा आला होता, सगळ्यांचे तेच फोटो, तीच जाळी, तोच पाय. मला असा समुद्र हवा होता की ज्याच्या मागे गाव आहे. त्यात आई आमच्याकडे चिंचवडला आलेली होती आणि मी बोलता बोलता बोलून गेले की तू पण चल, आणि ती लगेच हो म्हणाली, पासपोर्ट तिचा भावाच्या दुबईच्या वेळचा होताच. वय ६८. गुडघे बरे. मासे खाते. अशी माणसं फिरायला चांगली.

झांझिबार म्हणजे टांझानियाचा भाग, पण स्वतःचा वेगळा अध्यक्ष वगैरे असलेला. १९६४ च्या जानेवारीत तिथे क्रांती होऊन सुलतान पळाला आणि एप्रिलमध्ये टांगानिका आणि झांझिबार एक झाले, आणि त्याच वर्षी पुढे नाव पडलं टांझानिया, दोन नावं जोडून एक. मुख्य बेटं दोन, उंगुजा आणि पेंबा, आणि आपण ज्याला झांझिबार म्हणतो, विमानतळ-हॉटेलंवालं, ते उंगुजा. लॉज सगळीकडे आहेत, अगदी म्नेम्बा नावाचं एक चिमुकलं बेट आहे ईशान्येला, तिथे आख्ख्या बेटावर एकच लॉज आणि माणशी रात्रीला हजार डॉलरच्या वर, ते आम्ही फक्त होडीतून लांबून बघितलं. दुसरीकडे चुंबे म्हणून बेट आहे, तिथे सातच झोपड्या, पावसाचं पाणी साठवून वापरतात आणि समोरचं प्रवाळ राखून ठेवलंय, ते मला फार हवं होतं पण संडास बिनपाण्याचा म्हटल्यावर आईकडे बघून मी तो टॅब बंद केला. शेवटी आम्ही आग्नेय किनाऱ्यावर जाम्बियानी गावाला लागून असलेलं एक बारा खोल्यांचं लॉज घेतलं. नाव लिहीत नाही, जाहिरात पण नको आणि तक्रार पण नको.

आता तक्रार. पोचलो १२ फेब्रुवारीला सकाळी अकराला, हातात शहाळं, कपाळाला लावायला लवंगेच्या वासाचा गार रुमाल, सगळं झालं, समोरचा पडदा बाजूला केला आणि समुद्रच नाही. म्हणजे खरंच नाही. पांढरी वाळू, मग ओली वाळू, मग डबकी, मग हिरवट काहीतरी, आणि पार तिकडे, किलोमीटर दीड किलोमीटरवर, लाटांची एक पांढरी रेघ. होड्या वाळूत कलंडून पडलेल्या. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, फोटोत तर निळंशार पाणी पार पायरीपर्यंत होतं, तो रिसेप्शनला जायला निघाला तेवढ्यात आई म्हणाली, "अहो थांबा. आज माघी पौर्णिमा. उधाण आहे. एवढं पाणी गेलंय म्हणजे येईल पण तेवढंच, चारला बघा."

चारला पाणी पायरीला लागलं. नवरा त्यानंतर ट्रिपभर भरती-ओहोटीचं आईला विचारायचा, लॉजवाल्यांनी खोलीत तक्ता लावलेला होता तरी.

हे जाणाऱ्यांनी नीट समजून घ्या कारण निम्म्या लोकांचा मूड इथेच जातो. झांझिबारला उधाणाच्या दिवसात भरती आणि ओहोटीत चार मीटरपर्यंत फरक पडतो, आणि पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे पाजे, ब्वेजू, जाम्बियानी, मातेम्वे या बाजूला, प्रवाळाची भिंत लांब समुद्रात आहे आणि तिच्या आत सगळं उथळ सपाट, परातीसारखं, त्यामुळे पाणी उतरलं की सगळी परातच रिकामी होते. उत्तरेला नुंग्वी आणि केंड्वाला किनारा उतरता आहे, तिथे दिवसभर पोहता येतं, म्हणून तिथे गर्दी आणि गाणी पण दिवसभर. ज्यांना पोहायचंय त्यांनी उत्तरेला जावं. ज्यांना समुद्र जाताना-येताना बघायचाय त्यांनी पूर्वेला. मला विचाराल तर ओहोटीचा झांझिबारच खरा बघण्यासारखा आहे पण त्यासाठी पायात रबरी बूट घाला, हे मी नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने सी अर्चिनवर पाय दिला. काळा काटेरी गोळा असतो तो, काटे तळव्यात मोडून बसतात. लॉजच्या माळ्याने शांतपणे हिरवी पपई आणली, चिरा दिल्या आणि चीक लावला, दुसऱ्या दिवशी बरेचसे काटे मऊ पडून निघाले. औषधाची पेटी आमच्याकडे चिंचवडहून आणलेली पूर्ण भरलेली होती, तशीच परत आली.

छपराकडे परत येते. त्याला तिकडे मकुटी म्हणतात. आईने दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता निकाल दिला की हे आपल्या झापांसारखं विणलेलं नाही, सुटी पाती काडीवर दुमडून शिवलीत आणि अशा काड्या एकाला एक चिकटून बसवल्यात, म्हणून पाणी आत येत नसणार. खालून बघितलं तर खरंच, बोटभर अंतराने ओळीच ओळी, इतक्या सारख्या की विणकाम वाटावं. वासे खारफुटीच्या लाकडाचे. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, वर पांढरा गिलावा. एसी नाही, म्हणजे मुद्दामच नाही, छपराखालून वारा खेळता ठेवलाय आणि पंखा. फेब्रुवारीत तिथे ईशान्येकडून वारा वाहतो, कास्काझी म्हणतात त्याला, आणि जूनपासून दक्षिणेकडून येतो तो कुसी. या दोन वाऱ्यांवरच शेकडो वर्षं शिडाची जहाजं कच्छ-मुंबई-मस्कतहून तिकडे गेली आणि परत आली, एका वाऱ्याने जायचं, माल विकायचा, वारा फिरायची वाट बघायची. आम्हाला त्या वाऱ्याने काय, मच्छरदाणी उडाली रात्रभर.

आणि आता खरी गंमत, कुकिंग क्लास. माणशी ३५ डॉलर. मी नाव घातलं, आईला म्हटलं तू बस नुसती. मागच्या अंगणात तीन चुली, नारळ, मसाले केळीच्या पानावर मांडलेले, आम्ही दोघी, एक जर्मन जोडपं आणि शिकवायला गावातली एक बाई. तिने पहिली वस्तू काढली ती एक छोटं घडीचं लाकडी बसकं, पुढे लोखंडी पातं, पात्याला दाते. म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी. त्या जर्मन माणसाने फोटो काढायला सुरुवात केली. आई म्हणाली, "खवणी."

आणि उठली, साडी सावरून त्या बकरीवर बसली, नारळाची अर्धी वाटी हातात घेतली आणि सुरू. ज्यांनी आपल्या घरी बघितलंय त्यांना माहितीय, वाटी फिरवायची ती मनगटातून, कडेने आत आत येत, करवंटीचा तांबूस भाग लागू न देता. दोन मिनिटांत वाटी साफ. शिकवणारी बाई आधी हसली, मग गप्प झाली, मग जवळ येऊन बसली आणि तिने दुसरी वाटी आईच्या हातात दिली. मग दुसरी बाई आली स्वयंपाकघरातून, तिसरी आली. कोणाला कोणाची भाषा येत नाही. पण नारळाचं दूध पिळताना पहिलं जाड दूध बाजूला ठेवायचं आणि दुसरं पातळ आधी घालायचं, जाड शेवटी, हे दोन्हीकडे तंतोतंत तसंच, आणि जर्मन जोडप्याला हे आता दोन बाजूंनी दोन भाषांत समजावलं जात होतं. पालेभाजी केली म्चिचा, आपला माठच तो, नारळाच्या दुधात. सुरमईचं कालवण केलं, त्यात चिंच, चिंचेला उक्वाजू. कोशिंबिरीसारखं एक होतं कांदा-टोमॅटोचं, त्याचं नाव कचुंबारी, आता ते कुठून आलं सांगायला नको. आईचे ३५ डॉलर त्यांनी बिलात लावलेच नाहीत.

त्या भाषेत असे शब्द सारखे भेटतात, पावलोपावली. पैशाला पेसा, लाखाला लाकी, दुकानाला दुका, गाडीला गारी, विम्याला बिमा, सरकारला सेरिकाली. चहा चाय, पोळी चपाती. या म्हणायला करीबू, त्यात आपला 'करीब' आहे, अरबीतून दोघांकडे गेलेला. आणि रिक्षाला बजाजी! आकुर्डीच्या बजाजवरून पडलेलं नाव. नवरा चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत आहे, त्याला हे कळल्यावर तो प्रत्येक बजाजीवाल्याला सांगायचा की मी तिथला, हे जिथे होतं तिथला, आणि बजाजीवाले हसून भाडं तेवढंच घ्यायचे.

पण याच भाषेने त्याला तोंडावर पण पाडलं. तो ॲपवर स्वाहिली आकडे शिकून आला होता. गावातल्या एका होडीवाल्याशी थेट ठरवलं, लॉजमधून गेलं की डबल पैसे म्हणून, वेळ ठरली 'सा म्बिली', म्हणजे दोन. आम्ही जेवून, आडवं होऊन, दोनला टोप्या घालून किनाऱ्यावर. होडीवाला नाही. होडी नाही. खरं तर त्या सुमाराला होडी तरंगेल एवढं पाणीही जेमतेमच. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं तर ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. स्वाहिलीत दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो, सकाळी सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन. तो बिचारा सकाळी आठला, पाणी उतरायच्या आत निघायचं म्हणून, अर्धा तास वाट बघून गेला होता. पर्यटकांशी बोलताना ते लोक आपल्या घड्याळाने सांगतात, पण नवऱ्याने स्वाहिलीत विचारलं म्हणून त्याने स्वाहिलीतच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला आदल्या दिवसाचे पैसे पण दिले. न्गलावा म्हणतात त्या होडीला, खोड कोरून केलेली आणि दोन्ही बाजूंना उलांड्या, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाहेर बांधलेली तोलाची लाकडं. आई म्हणाली आपल्याकडे उलांडी एकाच अंगाला असते, आणि मग होडीवाल्याला खुणांनी ते पटवत बसली की एक पुरते. त्याला पटलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आमचा गेला तो त्या ओहोटीच्या मैदानात. लॉजच्या गच्चीवरून ते हिरवट पट्टे दिसायचे, जवळ गेल्यावर कळलं की ती शेती आहे. वाळूत खुंट्या ठोकलेल्या, खुंटीला खुंटी दोरी ताणलेली, आणि दोरीला वीतभर अंतराने समुद्री शेवाळाच्या जुड्या बांधलेल्या. म्वानी म्हणतात त्याला. १९८९ च्या सुमाराला पाजे-जाम्बियानी भागातच सुरू झालं हे आणि करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. सहा आठवडे वाढू द्यायचं, ओहोटीला येऊन काढायचं, गोणीत भरून डोक्यावरून किनाऱ्यावर न्यायचं, वाळवायचं, विकायचं. पुढे ते परदेशात जातं आणि त्याच्यापासून कॅराजीनन काढतात, टूथपेस्ट, आइस्क्रीम दाटसर करायला. म्हणजे आपण सकाळी दात घासतो त्यात या बायकांची कंबर असू शकते.

आई पहिल्या दिवशी लांबून बघून आली. दुसऱ्या दिवशी साडी गुडघ्यापर्यंत खोचून थेट पाण्यात जाऊन उकिडवी बसली. बाकीच्या पाहुण्या बिकिनीत, छत्रीखाली, आणि त्या अंगभर कांगा गुंडाळलेल्या, डोकं झाकलेल्या बायकांसारखी कपड्यानिशी पाण्यात उतरलेली पाहुणी ही एकटी, त्यामुळे त्यांनी तिला जागा करून दिली, मला नाही. मी उभीच. एकीने दाखवलं, बारीक सुतळीचा फास, त्यात जुडी अडकवायची, ओढायचं, पण फार नाही, फार ओढलं तर देठ तुटतो. आईला तिसऱ्या फासाला जमलं. मग तिने भरलेल्या पोत्याकडे बोट करून "गोणी" म्हटलं आणि ती बाई "गुनिया" म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या मांडीवर थाप मारून हसल्या. लहानपणी ओहोटीला कालवं फोडायला जायची आई, पाटी, कोयती आणि कपाळावर ऊन. ते ती कधी कौतुकाने सांगत नाही. तिथेही नाही सांगितलं. फक्त बोटं बघत होती त्यांची, खाऱ्या पाण्याने चिरलेली, आणि स्वतःची बघत होती.

रिसेप्शनवरच्या मुलीची आईच म्वानी करायची, तिच्याकडून बाकीचं कळलं. दोन जाती आहेत, स्पिनोसम आणि कॉटोनी, भाव चांगला कॉटोनीला, पण समुद्र तापला की कॉटोनी पांढरी पडते आणि गळते, उथळ पाण्यात आता ती टिकतच नाही. खोल पाण्यात टिकते, पण खोल जायला होडी लागते आणि पोहता यायला लागतं, आणि समुद्राकाठी जन्म काढलेल्या या बहुतेक बायकांना पोहता येत नाही. म्हणून स्वस्तातली स्पिनोसम. किलोभर वाळलेल्या मालाला मिळतं ते लॉजवरच्या एका शहाळ्याच्या किमतीच्या पार खाली, लॉजवर शहाळं चार डॉलरला होतं. काही बायका आता पूड करून साबण करतात, लवंग-दालचिनीचा, तो पर्यटकांना विकतात आणि त्यात म्हणे बरे सुटतात. आम्ही बारा वड्या घेतल्या. नाश्त्याच्या टेबलावर शेजारचा एक पाहुणा मॅनेजरला सांगत होता की त्या खुंट्यांमुळे पोहायला अडचण होते, कोणाला तरी सांगून काढता येतील का. मॅनेजर नुसता हसला. आईने विचारलं काय म्हणतोय, मी सांगितलं नाही.

पाण्याचं पण एक सांगायचंय. खोलीत कार्ड होतं, टॉवेल रोज धुवायला टाकू नका, बेटावर गोडं पाणी कमी आहे. बरोबर आहे. आणि त्या कार्डाच्या बरोबर समोर, खिडकीबाहेर, आमच्या दाराशी खासगी छोटा तलाव, गोड्या पाण्याचा, समुद्र चाळीस पावलांवर असताना. संध्याकाळी गावातून फिरताना नळावर पिवळे कॅन रांगेत दिसायचे, पोरं सायकलला चार चार कॅन बांधून ढकलत न्यायची. आईने पाच दिवस त्या तलावात पाय घातला नाही, आणि अंघोळ बादलीने केली, बादली मागवून घेतली चक्क. मी घातला पाय. खोटं कशाला बोलू, रात्री तारे बघत छान वाटलं.

खरं तर आम्ही आधी दोन दिवस स्टोन टाऊनला, म्हणजे झांझिबार शहराच्या जुन्या भागात होतो, ते राहिलंच. ते चुकवू नका, लोक विमानतळावरून थेट बीचवर जातात तसं करू नका. २००० सालापासून युनेस्कोच्या यादीत आहे ते. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन बाजूंचे सज्जे एकमेकांशी बोलतायत असं वाटतं, आणि दारं. सागवानी कोरीव दारं, काहींवर पितळेचे टोकदार गोळे, आपल्या वाड्यांच्या आणि गडांच्या दारांवर असतात तसे, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. बेटावर हत्ती नाही. गुजराती-कच्छी व्यापाऱ्यांबरोबर पद्धत गेली, हत्ती मागे राहिला. बंदरावर सुलतान बरघशने १८८३ ला बांधलेला बेत अल अजाइब, आश्चर्यांचा महाल, त्याचा मोठा भाग २०२० च्या नाताळच्या दिवशी कोसळला, आता पत्रे लावून बंद. या बरघशने तरुणपणी भावाविरुद्ध बंड केलं, ते फसलं, तेव्हा १८५९ मध्ये ब्रिटिशांनी त्याला दोन वर्षं कुठे पाठवला असेल, तर मुंबईला. पुढे सुलतान झाल्यावर त्याने शहरात नळाने पाणी आणलं.

आणि याच बरघशच्या काळात, १८७३ ला, गुलामांचा बाजार बंद झाला, त्यासाठी बोलणी करायला लंडनहून आलेला माणूस म्हणजे बार्टल फ्रिअर, मुंबईचा आधीचा गव्हर्नर, फोर्टच्या भिंती पाडल्या तोच. बाजाराच्या जागेवर आता चर्च आहे. बाहेर खड्ड्यात पाच दगडी माणसं, गळ्यात खऱ्या साखळ्या. तळघरात एक खोली दाखवतात, वाकून जायला लागतं, आई वाकली, आत जाऊन बाहेर आली आणि जेवायच्या वेळेपर्यंत बोलली नाही. लवंगेच्या बागा या माणसांच्या जिवावर उभ्या राहिल्या, हे मसाल्याच्या टूरमध्ये कोणी सांगत नाही. ती टूर कोकणातल्या माणसाने केली नाही तरी चालेल बरं का, आम्हाला फणस, जायफळ आणि काळी मिरी दाखवून ओळखा ओळखा करत होते. लवंग मात्र झाडावर मी पहिल्यांदा बघितली, गुलाबी-हिरव्या कळ्यांचे घोस, उमलायच्या आत खुडतात आणि चटईवर वाळवतात.

क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचं घर पण तिथेच, १९४६ चा जन्म, पारशी, खरं नाव फारोख बलसारा, आणि शाळा आपल्या पाचगणीची. नवऱ्याने दाराबाहेर सेल्फी काढला. मला जास्त आनंद संध्याकाळी फोरोधानी बागेत उरोजो खाताना झाला, कैरी-चिंचेचं आंबट पिवळं पातळ सार, त्यात भजी, उकडलेला बटाटा, कसाव्याचा चुरा, वरून चटणी. भेळवाल्याने रागाच्या भरात सगळ्यावर कढी ओतली तर जे होईल ते. दोन वाट्या खाल्ल्या.

आता कामाचं. व्हिसा ऑनलाइन, ५० डॉलर. ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारचा स्वतःचा विमा सक्तीचा आहे, ४४ डॉलर, तुमचा इथला विमा असला तरी तो घ्यावाच लागतो. केनिया किंवा इथिओपियावरून जाणार असाल तर यलो फीव्हरची लस आणि ते पिवळं कार्ड हवंच, लस निघायच्या निदान दहा दिवस आधी, नाहीतर परत येताना मुंबईत अडकाल. मार्च ते मे पाऊस, जाऊ नका, लॉज तेव्हा निम्म्या दरात मिळतात ते उगाच नाही. गाव मुसलमान आहे, किनारा सोडून आत जाताना खांदे-गुडघे झाका, आईसारखं पूर्ण लुगडं नको पण टॉवेल गुंडाळून दुकानात जाणारे बघितले आणि लाज मला वाटली.

परत आल्यावर आई महिनाभराने गुहागरला गेली. एप्रिलमध्ये तिचा फोन, मागच्या पडवीचा पत्रा गंजलाय, काढायचाय, आणि नवीन नको, झाप घालायचेत, तिकडच्यासारखे दाट. मी म्हटलं अगं तूच तर. म्हणाली पत्र्याखाली बसवत नाही दुपारी. झाप विणणारा आता पंचक्रोशीत एकच म्हातारा उरलाय, त्याच्याकडे निरोप पाठवला होता. शेजारच्या गावात कोणीतरी बीच रिसॉर्ट बांधतंय, त्यांनी त्याला पावसापर्यंत बुक केलाय. भाव विचारला तर आईने फोनवर सांगितलाच नाही, नुसतं "चोवीस हजार" म्हणाली आणि हसत सुटली.